दाखल-खारीज

मनमाडहून निघालेली गाडी रोटेगाव मागे टाकते आणि पोटूळ, दौलताबाद ही स्थानके यावयाच्या आधी ज्या ठिकाणी थांबते, त्या ठिकाणच्या वस्तीला लोकांच्या तोंडी ‘लासूर स्टेशन’ यापलीकडे दुसरे नाव नाही. शिवना नदीच्या काठचे, दाक्षायणी देवीचे लासूर हे जुने गाव. आणि १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचे मीटरगेज रूळ या मुलखातून गेले, तेव्हा त्या रुळांच्या आश्रयाने, आडतीच्या, कापसाच्या आणि धान्याच्या व्यापारावर जे वाढले ते हे दुसरे लासूर. तालुक्याची कचेरी गंगापूरला, पण गंगापूरला रेल्वे नाही. म्हणून बाहेरच्या जगाशी या टापूचा जो काही व्यवहार होई, मग तो कापसाच्या गाठींचा असो, टपालाचा असो अगर औरंगाबादेस शिकावयास निघालेल्या मुलाच्या ट्रंकेचा असो, तो या स्टेशनातून होई.

त्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवलेला एक कागद असे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच कागद आहे. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला मराठवाड्यात निर्गम उतारा असेही म्हणतात, त्यावरून मुलाने महाविद्यालयाचा अर्ज भरावयाचा. अर्ज एकदा दाखल झाला की त्यातील नाव, जात आणि जन्मतारीख पुढच्या प्रत्येक कागदाने शिरोधार्य मानावयाची. आणि मग केव्हातरी, कधी आठ दिवसांनी तर कधी तीस वर्षांनी, त्यात चूक आहे असे ध्यानात येऊन दुरुस्तीच्या अर्जांची मालिका सुरू व्हावयाची. अर्जातील चूक म्हणजे अर्जदाराचा निष्काळजीपणा, असे कचेऱ्यांनी गृहीत धरलेले असते. या टापूचा इतिहास पाहिला तर ते गृहीत टिकत नाही. मुलाने अर्ज बहुधा बिनचूक उतरविलेला असतो. ज्यावरून उतरविला तो दाखलाच चुकलेला, दाखला ज्या रजिस्टरातून निघाला ते रजिस्टर चुकलेले, आणि रजिस्टर चुकले याचे कारण असे की ज्या घरातून तो मुलगा आला त्या घराचे वर्ष, महिना आणि अक्षर ही तिन्ही सरकारदरबारी चालत नव्हती.

हा मुलूख ज्याच्या अमलात होता त्या निजामाच्या दप्तराकडे वळण्यापूर्वी एका जुन्या तंट्याची हकीकत सांगणे अवश्य आहे, कारण वयाच्या चुकीचे मूळ त्यात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. आपल्याकडे मुलाचे वय विचारले असता घरची वडीलधारी माणसे ‘त्याला सोळावे लागले’ असे सांगतात. म्हणजे पंधरा पुरी झाली आणि सोळावे चालू आहे. साहेबाच्या हिशेबात मात्र चालू वर्षाला स्थान नाही, पुरी झालेली वर्षे तेवढी मोजावयाची. एका वर्षाचा हा फरक घरात कोणाच्या खिजगणतीत नसतो. परंतु विद्यापीठे स्थापन झाली, त्यांच्या प्रवेशपरीक्षेच्या अर्जात वयाचा रकाना आला, आणि त्या रकान्यात घरच्या रीतीने सांगितलेला आकडा पडू लागला. १८६९ साली लंडनमधील इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगालचे, आणि श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मुंबई इलाख्यातले. परीक्षेस बसणाऱ्याचे वय सतराहून अधिक आणि एकविसाहून कमी असावे असा तेव्हा नियम होता. सुरेंद्रनाथांचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा. त्या हिशेबाने ते मर्यादेच्या आत होते. पण १८६३ च्या डिसेंबरात कलकत्ता विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या वेळी त्यांचे वय सोळा असे नोंदविले गेले होते, आणि सिव्हिल सर्व्हिसच्या कमिशनरांनी तो जुना कागद बाहेर काढून असा प्रश्न केला की १८६३ मध्ये जो सोळा वर्षांचा होता तो १८६९ मध्ये एकविसाच्या आत कसा? ठाकूरांच्या बाबतीतही हाच आक्षेप निघाला. दोघांचीही नावे यादीतून काढून टाकण्यात आली.

सुरेंद्रनाथांनी क्वीन्स बेंचपुढे दाद मागितली. हिंदू लोक वय सांगताना चालू वर्ष धरतात, सोळा म्हणजे पंधरा पूर्ण होऊन सोळावे चाललेले, याविषयी हिंदुस्थानातून प्रतिज्ञापत्रे मागविण्यात आली. न्यायालयाचा कल पाहून कमिशनरांनी माघार घेतली आणि सुरेंद्रनाथांबरोबर ठाकूरांचेही नाव यादीत परत आले. या प्रकरणातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की मॅट्रिकच्या त्या अर्जातील सोळाचा आकडा कोणी खोडला नाही, कोणी त्यावर नवा आकडा गिरविला नाही. तो होता तसाच राहिला, आणि तो कसा वाचावयाचा एवढेच ठरले. अर्जदाराने चूक केलेली नाही, विचारणाऱ्याने प्रश्नच आपल्या रीतीने विचारला होता, हे मान्य करण्याचा उदारपणा त्या खटल्यात निघाला. पुढील काळात अशा दुरुस्तीच्या प्रकरणांत तो फार क्वचित दिसतो.

लासूरच्या मुलापुढे तर चालू आणि पूर्ण एवढाच पेच नव्हता. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिवाण सालारजंगांनी जिल्हाबंदी केली, खाती पाडली आणि कारभाराला नवा आकार दिला. पुढे फारसीची जागा उर्दूने घेतली. शिक्षणखात्याची भाषा उर्दू झाली. प्राथमिक शाळा म्हणजे तहतानिया, तिच्या वरची वस्तानिया, आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. शिक्षक मुदर्रिस आणि मुख्याध्यापक सदर मुदर्रिस. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले आणि उच्च शिक्षणाचेही माध्यम उर्दू ठरले. १९२३ मध्ये औरंगाबादेस इंटरमिजिएट कॉलेज निघाले, तेही त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली. उर्दूचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक हे औरंगाबादेत शाळांचे निरीक्षक होते आणि पुढे त्या कॉलेजाचे प्राचार्य झाले. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही त्यांच्यामुळे वर्षानुवर्षे औरंगाबादेत होते. उर्दूच्या दृष्टीने तो वैभवाचा काळ. त्या वैभवाची निंदा करण्याचे येथे प्रयोजन नाही. शास्त्रीय विषय देशी भाषेतून शिकविण्याचा इतका मोठा प्रयोग हिंदुस्थानात तोवर झाला नव्हता, हे कबूल केलेच पाहिजे. एवढेच की ती देशी भाषा लासूरच्या घरातली नव्हती.

शाळेत मूल घालावयाचे म्हणजे बापाने, आजाने किंवा चुलत्याने त्याला घेऊन मुदर्रिसासमोर उभे राहावयाचे. मुदर्रिसाने दाखल-खारीज रजिस्टर उघडून विचारावे, पैदाइश केव्हाची? घरचे उत्तर असे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, प्लेगच्या दुसऱ्या साली, थोरल्या बहिणीचे लग्न झाले त्या वैशाखात. जोशीबुवांनी पत्रिका मांडलेली असली तर तीत शके आणि तिथी. रजिस्टराचा रकाना मात्र फसली सनाचा. संस्थानाचे फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई, आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान असे इराणी सौर मालिकेतले होते. पोळा कोणत्या महिन्यात पडतो? मेहेरमध्ये बहुधा, पण अमावास्या उशिरा आली तर आबानमध्येही. मुदर्रिसाने क्षणभर विचार करावा आणि काहीतरी लिहावे. त्या क्षणभराच्या विचारावर पुढे एका माणसाची नोकरी आणि निवृत्ती अवलंबून असावयाची होती, हे त्या बिचाऱ्यास कोठून कळावे?

फसलीचा इंग्रजी सन करण्याचा हिशेब वरवर पाहता सोपा. फसली सनात ५९० मिळवावे. परंतु हा हिशेब ऑक्टोबरापासून डिसेंबरापर्यंतचाच खरा. जानेवारी उजाडला की इंग्रजी सन पुढे जातो आणि फसली मात्र ऑक्टोबरापर्यंत तोच राहतो, म्हणून त्या नऊ महिन्यांत ५९१ मिळवावे लागतात. फसली १३४० च्या फरवर्दी महिन्यात जन्मलेला मुलगा १९३१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मला. कारकुनाने डोळे झाकून ५९० मिळविले तर तो १९३० चा, म्हणजे एका वर्षाने थोरला होतो. शिवाय फसली महिना इंग्रजी महिन्याबरोबर सुरू होत नसे, पहिल्या आठवड्यात कधीतरी सुरू होई. तेव्हा वर्ष बरोबर आले तरी महिना चुकावयास वाव राहिलाच. पत्रिकेतील शकाचीही गत तीच: एरवी ७८ मिळवावे, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. सुमारे नऊ महिने एक आकडा आणि तीन महिने दुसरा, असे हे दोन हिशेब, तेही वर्षाच्या वेगवेगळ्या टोकांना कलणारे. एकाच मुलाची पत्रिका एक साल सांगे, रजिस्टर दुसरे, आणि अर्ज भरणाऱ्याने दोन्ही समोर ठेवून तिसरे काढावे, असे घडण्यास कोणाच्याही लबाडीची गरज नव्हती.

यात लासूरची जागाही आडवी येई. याच लोहमार्गावरचे नगरसूल स्टेशन येवले तालुक्यातले, म्हणजे इंग्रजी अमलातले, रोटेगाव निजामाचे. दोहोंच्या मध्ये कोठेतरी राज्य बदले आणि त्याबरोबर सनही बदले. सोयरीक मात्र सरहद्द मानीत नव्हती. लासूरच्या सुनेचे माहेर येवल्याकडचे असले तर पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी; तेथे गावकामगाराच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, इंग्रजी तारखेची नोंद; आणि सहा वर्षांनी तेच मूल लासूरच्या शाळेत फसली सनात दाखल. एका मुलाचे दोन जन्म, दोन राज्यांच्या दप्तरांत. आणि त्या दोन नोंदी समोरासमोर येण्याचा प्रसंग कधी आलाच तर तो नेमका कॉलेजच्या अर्जाच्या वेळी येई.

नावाची कथा तारखेहूनही नाजूक. उर्दू लिपीत ण नाही आणि ळ नाही. गणपत तेथे गनपत होतो, बाळू होतो बालू, आणि ज्यांच्या आडनावातच ळ आहे त्यांना त्याऐवजी ल घेऊन जन्मभर हिंडावे लागते. घाईने, मोडून लिहिलेल्या अक्षरात नुक्ते गाळण्याची रीत. एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की ब चा न होतो. या रजिस्टरावरून पुढे मराठीत दाखला, मराठी दाखल्यावरून इंग्रजीत अर्ज, अशी उतरंड लागली म्हणजे मूळ नाव कोणत्या पायरीवर हरवले हे सांगणे दुरापास्त. लक्ष्मणाच्या नावात इंग्रजी ‘एक्स’ घालावयाचा की ‘के-एस-एच’, ज्ञानेश्वराचा आरंभ ‘डी’ने करावयाचा की ‘जी’ने, हे प्रश्न आज सर्व महाराष्ट्राचे आहेत, मराठवाड्यातील घरांनी त्यांच्या आधी आणखी एक लिपी ओलांडलेली असते, एवढाच भेद.

येथे १९३८ सालचा उल्लेख टाळता येत नाही. त्या वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला, अधिकाऱ्यांनी मनाई केली, संप झाला, आणि शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठाबाहेर काढण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकी एक. काढून टाकलेल्या मुलाला वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या प्रांतातील विद्यापीठाने घ्यावयाचे म्हणजे कागदपत्रांच्या काटेकोरपणाला मुरड घालावी लागलीच असणार. आणि ती घातली गेली. मनात आले तर कचेऱ्यांना कागदापलीकडचा विद्यार्थी दिसतो, याचा तो दाखला म्हणावयास हरकत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान गेले. फसली सन हळूहळू दप्तरातून उठला, शाळांचे माध्यम मराठी झाले, आणि जुन्या उर्दू रजिस्टरांवरून मराठी उतारे काढण्याचे काम गावोगावच्या मास्तरांवर पडले. ज्यांना उर्दू येत होते त्यांनी ते केले, ज्यांना येत नव्हते त्यांनी शेजाऱ्याला विचारून केले. त्याच काळात नव्या पिढीची मुले झपाट्याने शाळेत येऊ लागली, त्यांत अशी असंख्य होती की ज्यांच्या घरी तारखेची नोंद कोठेच नव्हती. शाळा जूनमध्ये उघडे. मास्तरांनी मुलाच्या दाताकडे, उंचीकडे पाहून वय ठरवावे आणि जन्मतारीख १ जून घालून मोकळे व्हावे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील एका पिढीचा वाढदिवस अशा रीतीने एकाच दिवशी आला, आणि १ तारखेस जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो या नियमामुळे दर ३१ मे रोजी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची दाटी होऊ लागली. या तारखेस कोणी चूक म्हणत नाही, कारण तिच्याऐवजी खरी कोणती हे सांगणारा कोणीच उरलेला नाही.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस जे महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले, त्यात शिकावयास आलेली कित्येक मुले घराण्यात प्रथमच अर्ज नावाची वस्तू पाहत होती. त्या महाविद्यालयाच्या संस्थापकाची स्वतःची शालेय नोंद साताऱ्याच्या शाळेत जपलेली आहे: ७ नोव्हेंबर १९००, भिवा रामजी आंबेडकर. जगाने ज्यास भीमराव म्हणून ओळखले त्याचे त्या पानावरचे नाव भिवा असे आहे, आणि ते तसे आहे म्हणूनच त्या पानाचे मोल. ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कोणी अतिउत्साहाने ते नाव ‘सुधारले’ असते तर आपण काय गमावले असते याची कल्पना करावी.

दुरुस्तीच्या रीतींविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण अर्ज, दाखला आणि रजिस्टर यांच्या भांडणात खरा प्रश्न तोच आहे. जुने पोथीलेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि वाळल्यावर त्यावर योग्य अक्षर लिहीत. पोथी देखणी राहावी हा हेतू. व्यवहाराच्या कागदाचा धर्म निराळा. तेथे देखणेपणापेक्षा खरेपणाला किंमत, आणि म्हणून खाडाखोड लपविण्याची नव्हे, कबूल करण्याची चाल. वाण्याच्या हिशेबाखाली ‘चु. भू. द्या. घ्या.’ लिहिलेले असे; खरेदीखतात एखादा शब्द खोडला किंवा ओळींच्या मध्ये घातला तर करून देणाऱ्याने तेथे सही करावी, आणि सहीविना खाडाखोड असलेला दस्त नोंदविण्यास निबंधकास नकार देता येतो, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या पंधराव्या कलमात हीच दृष्टी अधिक नेटकेपणाने आली आहे: नोंद चुकीची ठरली तर मूळ नोंदीस हात न लावता समासात योग्य ती नोंद करावी, तिच्याखाली निबंधकाने सही करावी आणि दुरुस्तीची तारीख घालावी. मूळ चूक दिसते, दुरुस्ती दिसते, दुरुस्ती करणारा दिसतो, आणि केव्हा केली तेही दिसते. या देशाच्या कायद्यांत सुंदर म्हणता येतील अशी कलमे थोडी. त्यांत याची गणना करावी असे आम्हांस वाटते.

शाळांच्या बाबतीत मात्र वळण कडक राहिले. माध्यमिक शाळा संहितेच्या सव्विसाव्या नियमाने जनरल रजिस्टरातील नाव, जात, जन्मतारीख यांत शिक्षणाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून बदल करण्यास मनाई केली, आणि विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर तर उघड लेखनदोषाखेरीज दुसऱ्या कशासही दाद मिळण्याची आशा उरली नाही. या कडकपणास कारण होते. वय कमी करून नोकरीची वर्षे वाढविण्याचा मोह माणसास होतो, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा नमूद केले आहे. सरकारी नोकराने जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरीत आल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा, हा १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांतील दंडक त्याच अनुभवातून आला. पण दुसऱ्या बाजूने १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच असेही म्हटले की शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारीख कोणाच्या सांगण्यावरून आणि कशाच्या आधारे लिहिली हे दिसत नसेल तर त्या नोंदीला पुरावा म्हणून फारसे वजन देता येत नाही. म्हणजे नोंदीस वजन नाही, आणि तरी ती बदलता येत नाही. लासूरच्या माणसाने यातून काय समजावयाचे?

औरंगाबादेस २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले, तेव्हापासून मराठवाड्यातील अशा दुरुस्त्यांचे वाद मुंबईस न नेता येथेच चालू लागले. शाळा सोडल्यावर दुरुस्ती मुळीच नाही, की उघड चूक असेल तर आहे, याविषयी वेगवेगळ्या निकालांत मतभेद माजला होता. २०१९ मध्ये औरंगाबादच्याच पूर्णपीठाने त्यात उघड चुकीच्या दुरुस्तीचा मार्ग शाळा सोडल्यानंतरही सर्वस्वी बंद नाही, असा निर्णय दिला. उघड चूक कशास म्हणावयाचे, हा प्रश्न अर्थात उरतो. ळ चा ल होणे ही उघड चूक आहे. ५९१ ऐवजी ५९० मिळविणेही, आमच्या मते, तितकीच उघड आहे, फक्त ती पाहण्यासाठी फसली सनाचे कोष्टक समोर असावे लागते आणि ते आज शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर नसते.

अर्ज भरणारा आणि भरून देणारा यांतील अंतराचे देशात सर्वाधिक गाजलेले उदाहरण लष्करातले आहे. जनरल विजयकुमार सिंग यांनी साठीच्या दशकात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जो अर्ज केला त्यात जन्मसाल १९५० असे पडले. त्यांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रात ते १९५१ होते. अर्ज आपल्या शाळेतील माणसाने भरला, असे त्यांचे म्हणणे. तो मुलगा पुढे भूदलाचा प्रमुख झाला, आणि शाळकरी वयात भरलेल्या त्या रकान्यासाठी देशाच्या इतिहासात प्रथमच एका सेनाप्रमुखाला सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. १० फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाचा कल प्रतिकूल दिसताच त्यांनी अर्ज मागे घेतला. सेनाप्रमुखाची ही गत, तर सामान्य पालकाने सेतू केंद्राच्या खिडकीवर काय अपेक्षा करावी!

आता कागदच गेला आहे, किंवा जावयाच्या बेतात आहे. दहावीच्या परीक्षेपूर्वी मंडळाकडून शाळेत प्री-लिस्ट येते, तीत आपले नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख पाहून मुलाने सही करावयाची. जे काही सुधारावयाचे ते येथेच, कारण यानंतरचा प्रत्येक अर्ज या नोंदीशी ताडून पाहिला जातो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सर्व राज्यात ऑनलाइन झाले. अर्जाचा पहिला भाग माहितीचा, दुसरा पसंतीचा. अर्ज एकदा लॉक केला की तो उघडण्याची विनंती करावी लागते, आणि फेऱ्यांचे वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सीईटी कक्षाची तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतींना मोजकेच दिवस मिळतात. दुरुस्ती पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे हे मान्य. जी गोष्ट गंगापूरच्या आणि औरंगाबादच्या खेटांशिवाय होत नसे ती आता स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत चहा निवण्याच्या आत होते. पण पडद्यावर नवे अक्षर उमटते तेव्हा जुने नाहीसे होते, आणि कोणी, केव्हा, कशावरून बदलले हे अर्जदाराच्या हाती पडणाऱ्या प्रतीत दिसत नाही. पंधराव्या कलमातला समास या अर्जांना नाही.

दरम्यान शहराचेच नाव बदलले. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, आधी शहराचे आणि काही महिन्यांनी जिल्ह्याचे. दाखल्यावर जन्मस्थळाचा जिल्हा एक आणि अर्जाच्या यादीत दुसरा, असे त्यानंतर भरल्या गेलेल्या अर्जांच्या नशिबी आले. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि निजामकालीन शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, कोतवाल बुके, महसुली दप्तरे यांच्यावरची धूळ झटकली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अकस्मात मागणी आली. ज्या पानांतील ळ चुकला म्हणून कोणाच्या आजोबांनी शिक्षणखात्याचे उंबरे झिजविले होते, त्याच पानांत जातीच्या रकान्यातील एक शब्द शोधण्यासाठी नातवंडे रांगा लावू लागली. आणि ती पाने ग्राह्य ठरण्यास पहिली अट अशी की त्यांत खाडाखोड नसावी.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्त कायद्याने त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा ठरविला, तेव्हा मास्तरांची १ जून ही तारीख त्यांच्यापैकी कोणाच्या वाट्यास यावयाची नाही. मात्र राज्य शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा चार पदांचा क्रम ठरविला आहे. ती मुले २०४२ च्या सुमारास महाविद्यालयाचा अर्ज भरतील, त्यांची थोरली भावंडे मात्र तीनच पदांच्या नावाची असतील, आणि सख्ख्या भावाबहिणींची नावे जुळत नाहीत म्हणून खुलाशाची पहिली प्रतिज्ञापत्रे तेव्हा गंगापूरच्या तहसिलीत येऊ लागतील.